पाखाडी उतरताना

आमच्या घरापासून वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत ११२ पायऱ्या आहेत. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, अशा वाटेला आमच्याकडे पाखाडी म्हणतात. डोंगराच्या उतारावर जांभ्याचे दगड बसवून केलेल्या पायऱ्या, कुठे वीतभर उंच, कुठे गुडघ्याला येतील अशा, आणि दोन्ही अंगांना गडगे. खाली आमची वाडी, नारळी-पोफळीची आगरं, त्यापलीकडे खाडी. वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचा सपाट कातळ, सड्यावर रस्ता आणि माझी दोन खोल्यांची शाळा. सकाळी मी या पायऱ्या चढते, संध्याकाळी उतरते. २००९ ते २०२२ या तेरा वर्षांत माझा उजवा पाय सात वेळा मुरगळला. त्यातला चढताना एकदाही नाही.

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. चिपळूणच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं विचारलं, "मॅडम, दर वेळी नेमकं काय करत होतात?" तेव्हा बोटं मोजता मोजता लक्षात आलं. पाच वेळा पाखाडी उतरताना, एकदा एसटीतून उतरताना, एकदा शाळेच्या व्हरांड्याची पायरी उतरताना. ती हसली. म्हणाली, "चवडा खाली सोडताना. बरोबर." काय बरोबर ते तिनं मग समजावलं, पण त्याला थोड्या वेळानं येते. आधी पहिली वेळ सांगायला हवी, कारण पुढच्या सहा वेळांचं मूळ तिच्यात आहे. खरं तर तिच्यानंतर आम्ही जे केलं आणि जे केलं नाही, त्यात.

जुलै महिना होता. चार दिवस संततधार लागून पाचव्या दिवशी उघडीप पडली होती. डाव्या खांद्याला वह्यांची पिशवी, उजव्या हातात मिटलेली छत्री, पायात पावसाळी प्लॅस्टिकची चप्पल. फणसाखाली एका पायरीचा कोपरा झिजून उतरता झालाय, हे मला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी डोक्यात पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब चालू होता. काही किलो लागत नव्हते. चवडा त्या कोपऱ्यावर पडला, टाच अजून हवेतच, आणि तळपाय आतल्या बाजूला वळला. करंगळीची कड खाली आणि माझं सगळं वजन तिच्यावर. ओला सुंभ ताणून तुटावा तसा एक बारीक आवाज आला. तो कानांनी ऐकला की पायानं, हे मला आजही सांगता येत नाही. वह्या चिखलात गेल्या. मी तिथंच पायरीवर बसले, कपाळावर घाम, पोटात ढवळून आलेलं.

घरी आणून पाय पाटावर ठेवला तोवर बाहेरच्या घोट्याच्या पुढे अर्ध्या लिंबाएवढी सूज आली होती. सासूबाईंनी आंबेहळद उगाळली, तुरटी घातली, पळीत कढवून सोसेल इतका गरम लेप लावला. शेजारच्या आप्पांना बोलावणं गेलं, कारण आप्पा पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस तो पायाळू, आणि उसण भरली, लचक भरली की त्याचा पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. आप्पांनी पायाचा अंगठा तीनदा हलकेच टेकवला, चहा घेतला आणि गेले. आज हिशेब मांडते तेव्हा वाटतं, त्या आठवड्यातल्या सगळ्या उपचारांत आप्पांचाच उपचार सर्वांत निरुपद्रवी होता. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाहून हाताला गुण असलेले एक गृहस्थ आले. "नस सरकलीय," म्हणाले आणि खोबरेल घेऊन पाऊण तास घोटा चोळला. मी उशीचा कोपरा दातांत धरून होते. संध्याकाळपर्यंत घोटा कुठं संपतो आणि पोटरी कुठं सुरू होते ते कळेना. तिसऱ्या दिवशी पाय जांभळा झाला, अगदी पिकल्या जांभळाच्या रंगाचा, आणि तो रंग खाली उतरत टाचेच्या कडेला नि बोटांच्या मुळाशी जाऊन बसला.

मग दवाखाना. एक्स-रे काढला. हाड शाबूत. "नुसती लचक आहे," डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, क्रेप बँडेज दिलं आणि तीन आठवडे पाय टेकू नका म्हणून सांगितलं. हाड मोडलं नाही हे ऐकून घरातल्यांचे जीव भांड्यात पडले.

त्या 'नुसती' शब्दावर माझा अजून राग आहे. हाड मोडलं असतं तर प्लास्टर झालं असतं, सहा आठवड्यांनी परत बोलावलं असतं, कुणीतरी व्यायाम शिकवला असता, वाडीतल्या बायका नाचणीची भाकरी घेऊन बघायला आल्या असत्या. लचकेला यातलं काही नाही. सूज उतरली की संपलं. मीही तसंच धरून चालले. ऑगस्टच्या मध्यावर झेंडावंदनाला गेले ती चालतच, आणि पुढच्या पावसाळ्यात परत पडले. मग परत. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून घरात कुणी विचारायचंही बंद झालं. "तिचा पाय सवयीचा झालाय," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, एखाद्या गाईला दूध चोरायची सवय असते तसं. मलाही ते पटलं होतं. माझा पायच नाजूक, त्याला कोण काय करणार?

चिपळूणच्या त्या मुलीनं दुखतं कुठं हे नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "पाय दगा देतो का? म्हणजे चालता चालता एकदम गेल्यासारखा वाटतो का?" इतकी वर्षं मला जे होत होतं त्याचं हे इतकं नेमकं वर्णन होतं की मला एकदम रडू यायला लागलं. वय बेचाळीस आणि दवाखान्यात घोट्यासाठी रडतेय. तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि कपाटातून प्लॅस्टिकचा सांगाडापाय काढला.

नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं काठीसारखं बारीक हाड, या दोघांची खालची टोकं म्हणजे आपले आतला नि बाहेरचा घोटा. दोघं मिळून एक चौकट करतात, आणि टाचेच्या हाडावर बसलेलं टॅलस नावाचं हाड त्या चौकटीत खालून शिरतं. मी म्हटलं, "म्हणजे कुसू." तिला तो शब्द माहीत नव्हता. माझे वडील सुतारकाम करायचे. चौकटीच्या खाचेत लाकडाचं जे टोक बसवतात ते कुसू. तर या कुसवात एक गोम आहे. ते पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. पंजा वर उचललेला असतो तेव्हा रुंद भाग चौकटीत घट्ट बसतो आणि घोटा पक्का होतो. चवडा खाली सोडला की मागचा अरुंद भाग चौकटीत येतो आणि सांधा खुळखुळतो. चढताना आपण पाऊल जवळजवळ सपाट टेकतो, नडगी पुढे झुकते, कुसू घट्ट. उतरताना खालची पायरी चाचपत चवडा आधी जातो, कुसू सैल, आणि त्या क्षणभरात घोटा केवळ लिगामेंटच्या, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांच्या, भरवशावर असतो.

आता बाहेरच्या अंगाची लिगामेंटं तीन. बाहेरच्या घोट्यापासून पुढे टॅलसकडे जाणारी पट्टी जेमतेम दोन सेंटिमीटरची, तिघींत सर्वांत कमजोर, आणि चवडा खाली असताना नेमकी तीच ताणावर. म्हणून पहिली तीच जाते. झटका मोठा असेल तर घोट्यापासून टाचेकडे उतरणारी दुसरी. मागची तिसरी सहसा वाचते. आतल्या बाजूला मात्र पंख्यासारखं पसरलेलं दणकट लिगामेंट आहे. शिवाय हात लावून बघा, बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असतो. पाऊल बाहेर वळायला लागलं की तो आडवा येतो. म्हणून पाय मुरगळतो तो बहुतेक आतच. (घोट्याच्या वर, दोन हाडांना एकमेकांशी बांधणारी लिगामेंटंही कधी फाटतात. तिथं दुखत असेल तर ते प्रकरण वेगळं आणि लांबणारं.) ताणलं, अर्धवट फाटलं, पुरतं तुटलं अशा तीन पायऱ्या डॉक्टर लावतात. माझं पहिल्या वेळी तिसऱ्या नाही तर दुसऱ्या पायरीचं असावं, असं तिला वाटलं. तेरा वर्षांनी कोण सांगणार?

मग तिनं मला उठवलं. "डाव्या पायावर उभ्या राहा. डोळे मिटा." अर्धा मिनिट झाला तरी मी उभीच. "आता उजव्या." तीन सेकंदांत मी तिच्या टेबलाला धरलं होतं. परत. चार सेकंद. परत. पाय थरथरत होता, घोटा होडीसारखा इकडून तिकडे डुलत होता, आणि गंमत म्हणजे दुखत मुळीच नव्हतं. दोन्ही पायांत बळ जवळपास सारखंच, हे तिनं आधीच तपासलं होतं.

"तुमच्या या पायाला जमीन कळत नाही," ती म्हणाली.

लंडनमध्ये मायकेल फ्रीमन नावाच्या सर्जननं १९६५ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर हेच मांडलं. घोटा मुरगळून बरे झालेले त्यांचे रुग्ण तक्रार करत की पाय मधूनच दगा देतो, पण तपासायला घेतलं तर त्यातल्या कितीतरी जणांचा सांधा सैल झालेलाच नसे. त्यांना एका पायावर उभं केलं की मात्र फरक दिसायचा. फ्रीमन यांचं म्हणणं असं की लिगामेंट म्हणजे नुसती बांधायची दोरी नव्हे. तिच्यात मज्जातंतूंची टोकं असतात, सांधा किती वळला, किती ताणला, याची बातमी ती मेंदूला देत असतात. दोरी फाटते तेव्हा ती टोकंही तुटतात. दोरी पुढे सांधते, बातमी पोचायची मात्र राहते. त्यावर त्यांनी रुग्णांना डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं, आणि तशा सरावानंतर दगा देणारे पाय कमी झाले. (हेच फ्रीमन पुढे कृत्रिम गुडघ्याच्या सुरुवातीच्या रचनाकारांत मोडतात. गुडघे बदललेली एक तरी काकू आता प्रत्येक वाडीत आहे, तेव्हा त्यांचं आपल्यावर दुहेरी ऋण.) बातमीची तार लिगामेंटमध्येच तुटते की मेंदूनं त्या पायाकडून यायचा हिशेबच बदललेला असतो, यावर नंतर बराच खल झाला आहे, आणि आज दोन्ही धरून चालतात. एका पायावर उभं राहून तोल कमवायचा, हा उपाय मात्र तेव्हापासून टिकून आहे.

हे ऐकताना मला माझे आजेसासरे आठवत होते. त्यांना मी शेवटच्या दोन वर्षांत पाहिलं. नव्वदीच्या घरात, मोतीबिंदूनं जवळजवळ अंध, आणि रात्री कंदील न घेता पाखाडी उतरून यायचे. कुणी ओरडलं की म्हणायचे, "अगो, मी पायांनी बघतो." आम्ही ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मला जास्त घोर लावून गेली. पाय मुरगळतो तेव्हा सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर आटोपतं. 'वाकडा पडला' हे कळून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आवळून त्याला सावरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणजे त्या स्नायूंनी पाऊल टेकायच्या आधीच किंचित आवळून तयार राहायला हवं. चांगल्या पायात ते आपोआप होतं. माझ्या पायात ते बंद पडलं होतं, आणि मी तेरा वर्षं शेवाळाला दोष देत होते.

तिनं माझी टाच हातात धरून पुढे ओढून पाहिली, टेबलाचा खण ओढावा तशी. या तपासणीचं नावही खणावरूनच आहे. थोडा सैलपणा होता. पण मुख्य रोग बातमीचा, असं तिचं मत. पहिल्यांदा पाय मुरगळलेल्या दहा जणांपैकी दोन ते चार जणांचं असं मागे राहतं, आणि त्यातले बरेच माझ्यासारखे 'नुसती लचक' म्हणून घरी पाठवलेले असतात. हे शेवटचं अर्धं वाक्य माझं, तिचं नाही. ती फार सौम्य होती.

व्यायाम लिहून दिला तो एका पानावर मावेल इतकाच. करायला तीन महिने लागले. तिच्याकडे तोलासाठी जाड फोम होता, घरी मी गोधडीची चौपदरी घडी केली. सकाळी पेज शिजत असताना चुलीपुढे त्या घडीवर उजव्या पायावर उभी राहायची. पहिल्या आठवड्यात उघड्या डोळ्यांनी, मग मिटून. सायकलच्या जुन्या ट्यूबचं वेटोळं पायात अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचं, ते बाहेरच्या स्नायूंसाठी. पाखाडीच्या तळाच्या पायरीवर उभं राहून टाचा वर, टाचा खाली.

चौथा व्यायाम माझा आवडता. मध्ये एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाच्या बोटांनी चहूबाजूंना जमेल तितक्या लांब टेकायचं, वजन न टाकता, आणि परत यायचं. दवाखान्यात जमिनीवर चिकटपट्टीच्या आठ रेघा होत्या, चांदणीसारख्या. घरी येऊन मी अंगणात तुळशीपुढे रांगोळीनं आठ दिशा काढल्या आणि मध्यात उभी राहिले. आग्नेयेला हात घालावा तसा पाय घालायचा, मग दक्षिणेला, मग नैर्ऋत्येला. उजव्या पायावर उभी असताना नैर्ऋत्येला मी, डाव्यावर उभी असतानापेक्षा, चांगली वीतभर कमी पोचायची. दर रविवारी जिथं बोट टेकलं तिथं हळदीचा ठिपका ठेवायचा, असा मी नेम केला. सासूबाईंनी पहिले दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगो, हे कसलं व्रत?" मी म्हटलं पायाचं. त्यांना पुरलं. पुढे मी कंटाळले की त्याच आठवण करायच्या, कारण व्रत अर्धवट सोडायचं नसतं.

या काळात उतरताना नाडीनं बांधायचा घोट्याचा पट्टा वापरला. एकदा मुरगळलेल्या पायाला त्याचा उपयोग होतो, पहिल्या वर्षभरात तर जास्तच, कारण परत मुरगळायची भीती तेव्हाच मोठी. पट्टा बांधला म्हणून व्यायाम सोडला तर मात्र पहिले पाढे पंचावन्न.

सगळ्यांचंच व्यायामानं भागतं असं नाही. आमच्या वाडीतल्या एका कबड्डीपटू मुलाचं भागलं नाही. त्यानं माझ्यापेक्षा इमानानं चार महिने केले, तरी पाय जायचा. एमआरआय काढला, पुढची पट्टी नावापुरती उरली होती. त्याचं मुंबईत ऑपरेशन झालं. लेनार्ट ब्रॉस्ट्रॉम या स्वीडिश सर्जननं १९६६ साली फाटलेल्या लिगामेंटचीच टोकं परत शिवायची जी पद्धत मांडली, तिच्यात पुढे सुधारणा झाल्या, पण पाया तोच आहे. ऑपरेशननंतरही त्या मुलाला एका पायावर उभं राहणं चुकलं नाही. त्याच्या आईनं विचारलं, "मग कापलं कशाला?" प्रश्न रास्त आहे. दोरी शिवता येते, बातमी शिकवावीच लागते, असं मी माझ्या परीनं सांगितलं.

या सगळ्या विद्येचा उपयोग गेल्या पावसाळ्यात झाला. शाळेत खिचडी करणाऱ्या ताई विहिरीवरून येताना घसरल्या. तोच प्रकार, तीच जागा, तोच पांढराफटक चेहरा. कुणीतरी तेल आणायला धावलं, त्याला मी आधी थांबवलं. मग फिजिओनं शिकवलेले ओटावाचे नियम लावले. कॅनडात ओटावाला इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हे बसवले. मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा एक्स-रे काढत बसू नये म्हणून. चार पावलं टाकता येतात का ते बघायचं, लंगडत का होईना, पडल्या पडल्या आणि तपासतानाही. मग दाबून बघायचं: दोन्ही घोट्यांच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर लागणारं करंगळीच्या हाडाचं मूळ, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यातलं कुठलंही हाड दुखलं किंवा चार पावलं पडली नाहीत, तर एक्स-रे हवा. नाहीतर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच थोडी. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना हे लागू नाही, आणि शिमग्यात टाकून आलेल्यालाही नाही, कारण दोघांनाही दाबलेलं कळत नाही.

ताईंची चार पावलं पडली, हाड कुठं दुखलं नाही. मग राइस. आमच्याकडे राइस म्हटलं की उकडा तांदूळ डोळ्यांपुढे येतो, पण ही विश्रांती, बर्फ, दाब नि उंची या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. गॅब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं १९७८ साली ती रूढ केली आणि चाळीसएक वर्षं जगानं घोकली. पुढे मर्किन यांनीच सांगितलं की बर्फ आणि पुरती विश्रांती यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. हल्ली २०१९ पासून 'पीस अँड लव्ह' नावाची नवी आद्याक्षरं आहेत. इंग्रजीला या प्रकाराची भारी हौस. त्यातलं घेण्यासारखं एवढंच की पहिले दोन-तीन दिवस जपायचं, दाब द्यायचा, पाय उंच ठेवायचा, आणि मग सोसेल तसं वजन टाकत लवकर हलवायला लागायचं. थंड शेक दुखणं मारायला चालतो. मासे विकायला येणाऱ्या मावशींच्या पेटीतला बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवला, ताईंच्या पायाला दोन दिवस बांगड्याचा वास येत होता. चोळायचं नाही आणि गरम शेकायचं नाही, हे मात्र मी दटावून सांगितलं.

"आणि लेप?" त्यांनी विचारलं. लावा म्हटलं, गार लावा आणि न चोळता. आंबेहळदीशी माझं काही वैर नाही.

तिसऱ्या दिवसापासून त्यांना गृहपाठ दिला. पाय लांब करून बसायचं आणि अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं काढायची, क ते ज्ञ. घोटा सगळ्या बाजूंना फिरतो. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. 'ञ'ला अडल्या, तेव्हा पहिलीतल्या पोरानं शेजारी बसून हवेत बोटानं काढून दाखवला. सगळ्यांनाच पाय टेकवायची अशी घाई करायची नसते. लिगामेंट पुरतं तुटलं असेल तर दहाएक दिवस पक्कं बांधून ठेवल्याचा फायदा होतो, आणि ते डॉक्टरनंच ठरवावं. पण साध्या लचकेला माझ्यासारखं तीन आठवडे खाटेवर बसवणं म्हणजे पायाला जमीन विसरायला लावणं. ताई आठव्या दिवशी खिचडीपाशी उभ्या होत्या, एका पायावर. मी लावलं होतं.

आमच्या आगरात नारळ-सुपारी उतरवायला येणारा पाडेली आहे. पायात दोरीचं वेटोळं अडकवून पोफळीवर सरसर जातो, वरच्या वर झुलून एका पोफळीवरून दुसरी धरतो. मला वाटलं, घोट्याबद्दल याच्याइतकं कोणाला कळणार? त्याला विचारलं, कधी पाय मुरगळलाय का रे? "एकदाच," म्हणाला. "कुठल्या झाडावर?" "झाडावर कशाला, बाई? नाक्यावर मोटरसायकल स्टँडला लावताना. मोबाइलवर बोलत होतो."

माझ्या पायाचं म्हणाल तर तो आता डाव्यासारखा झालाय असं मी म्हणणार नाही. नैर्ऋत्येचा हळदीचा ठिपका अजून चार बोटं अलीकडेच पडतो. २०२२ नंतर एकदा, सड्यावर गवतात लपलेल्या खळग्यात, पाऊल वाकडं गेलं. पण पुरतं वळायच्या आत कशानं तरी ते धरून ठेवलं. दोन दिवस जरा ठणकलं. त्याला मी अर्धं मुरगळणं धरते.

परवा शनिवारी मधल्या सुट्टीत पोरं व्हरांड्यासमोर लंगडी खेळत होती. एक गडी कमी पडत होता. चौथीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, येता?" तेरा-चौदा वर्षांत मी लंगडी घातली नव्हती. साडीचा पदर खोचला आणि, आता करायचंच तर नीट म्हणून, उजव्या पायावर निघाले. सहा उड्या झाल्या. सातवीला बुटका पोरगा हाताशी आला, त्याला शिवायला वाकले, घोटा डुलला, सावरला, परत डुलला. डावा पाय कधी टेकला ते मला कळलंच नाही, पण रांगेत बसलेल्या सगळ्यांना कळलं.

"बाई बाद! बाई बाद!"

मी म्हटलं, टेकला नाही. पहिलीतला तो 'ञ'वाला पोरगा पुढे आला आणि लाल मातीतला माझ्या चपलेचा ठसा त्यानं मला बोटानं दाखवला.